भरल्या तळ्यांचा बालाघाट

बीड जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटाची डोंगररांग वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली आहे. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडापाशी फुटलेली ही शाखा अहिल्यानगर जिल्हा ओलांडून आष्टी-पाटोद्यात शिरते आणि बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या तालुक्यांतून लातूर-नांदेडकडे उतरत जाते. सह्याद्रीसारखे सुळके इथे नाहीत. माथा सपाट, कडा तुटलेल्या, मधूनच एखादी खोल दरी आणि दरीच्या तोंडाशी बांध घालून अडवलेले पाणी, असे या डोंगराचे रूप आहे. श्रावण सरता सरता ही तळी भरू लागतात आणि भाद्रपदात जिल्ह्यातली माणसे घराबाहेर पडतात. कोणी मोटारसायकलवर, कोणी जीपमध्ये कोंबून, कोणी लेकराबाळांसह एसटीने. थंड हवेचे ठिकाण म्हणून बालाघाटाची कधी ख्याती नव्हती. इथल्या सहलीचा मोसम पाण्याने ठरतो, आणि वर्षभर पाण्याची वाट पाहणाऱ्या मुलखात भरलेले तळे पाहण्याइतका निर्मळ आनंद दुसरा नाही.

या डोंगरांत निसर्गाने घडवलेले मोठे सरोवर नाही. तळी सगळी माणसाने बांधलेली. त्यांना जागा मात्र खडकाने करून दिली आहे. बालाघाटाचा खडक म्हणजे दख्खनचा काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. एक थर टणक, तर त्याखालचा सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी खालचा मऊ थर आधी पोखरते, आधार गेलेला वरचा थर तुटून पडतो आणि उभा कडा तयार होतो. कपिलधार आणि सौताडा इथले धबधबे अशाच कड्यांवरून कोसळतात. ओढ्याने दोन टेकड्यांमध्ये अरुंद वाट कापली असेल, तर तिथे थोडक्या लांबीच्या बांधाने मोठा साठा करता येतो. म्हणूनच बालाघाटात तळे आणि धबधबा यांचा शेजार वारंवार दिसतो.

तळ्यांचे प्रकारही अनेक आहेत. सर्वांत लहान पाझर तलाव. त्यातले पाणी वापरण्यासाठी ठेवायचे नसते, ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना फुटावे म्हणून अडवायचे असते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांबरोबर असे तलाव मराठवाडाभर खोदले गेले, आणि पुढे रोजगार हमीतून ही कामे चालू राहिली. बीडच्या डोंगरपट्ट्यात आज हिरव्या काठाचे जे छोटे तळे रस्त्यावरून दिसते, त्याची माती त्या पिढीतल्या बायाबापड्यांनी पाट्या-पाट्यांनी वाहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याहून मोठे साठवण तलाव, मग बिंदुसरेसारखे मध्यम प्रकल्प आणि शेवटी मांजरा व माजलगाव ही मोठी धरणे. साठा मोजायचे माप दशलक्ष घनमीटर, बोलण्यात आणि वर्तमानपत्रात दलघमी. बिंदुसरेचा साठा सात दलघमीच्या आसपास, मांजऱ्याचा 224 आणि माजलगावचा 454. पावसाळ्यात इथल्या गावाच्या पारावर हे आकडे पिकांच्या भावाइतक्याच सहजपणे बोलले जातात.

पाटोदा तालुक्याचा माथा हे या सगळ्या पाण्याचे मूळ घर. चिंचोलीच्या डोंगरात सिंदफणा उगम पावते आणि उत्तरेला उतरून गोदावरीची वाट धरते. गवळवाडीच्या डोंगरात मांजरा उगम पावते. तीही गोदावरीलाच मिळते, पण सातशे किलोमीटरहून लांब फेरा घेऊन, बीड-धाराशिव-लातूरच्या सीमा आखत, कर्नाटकातून तेलंगणात जाऊन. त्याच तालुक्याच्या पश्चिम कडेवरून विंचरणा जामखेडकडे उतरते, सीना नदीला मिळते आणि तिचे पाणी भीमेतून कृष्णेत जाते. म्हणजे एकाच माथ्यावर थोड्या अंतराने पडलेल्या सरींपैकी एक राजमहेंद्रीकडे जाते, तर दुसरी विजयवाड्याकडे. हा पाणलोटाचा कणा पायी ओलांडता येतो. दोन्ही बाजूंचे उतार जिथून दिसतात अशा टेकाडावर उभे राहिले की नद्यांचा भूगोल पुस्तकाबाहेर येऊन समोर पसरतो.

मोसम उशिरा येण्यालाही कारण आहे. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलीमीटर, आणि तोही लहरी. जून-जुलैच्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते. पेरणी साधते, पण ओढे वाहत नाहीत. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात जमिनीवर आत सरकू लागले, की मराठवाड्यात जोरदार पाऊस होतो. तोवर माती ओली झालेली असते, त्यामुळे पडलेले पाणी धावू लागते. शेतकऱ्यांच्या हिशेबात मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही ती नक्षत्रे, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची. मघांत पिके तरतात, पण तळी भरतात ती पूर्वा-उत्तरांत. म्हणून कोकणात किंवा मावळात पावसाळी सहली जुलैत उरकतात, तर बालाघाटात त्या गणपतीच्या आगेमागे सुरू होतात आणि दसऱ्यापर्यंत चालतात.

प्रवासाची सुरुवात बीड शहरातून करणे सोयीचे. अहिल्यानगर-बीड रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी सुरू झाली, तोवर शहर गाठण्याचा भरवसा रस्त्यावरच होता, आणि डोंगरात शिरायला आजही रस्ताच लागतो. शहरातच पाण्याशी जोडलेली दोन जुनी कामे पाहून पुढे निघावे. कंकालेश्वराचे यादवकालीन वळणाचे मंदिर चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे आहे. पाऊस चांगला झाला की दगडी चौथऱ्याभोवती पाणी चढते आणि कोरीव भिंतींचे प्रतिबिंब त्यात उतरते. दुसरे काम सोलापूर रस्त्यावरची खजाना विहीर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधून घेतली आणि राजा भास्कर हा तिचा स्थपती, असे सांगितले जाते. विहिरीतले पाणी भुयारी पाटाने, कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर खालच्या शेतांकडे जाते. डोंगरातून येणारे पाणी जमिनीखालून पकडायचे आणि जमिनीच्या उतारानेच पुढे न्यायचे, ही अक्कल चारशे वर्षांपूर्वी इथे होती. पुढच्या सगळ्या धरणांकडे पाहताना ती लक्षात ठेवावी.

त्याच रस्त्याने दक्षिणेला थोडे गेले की पालीजवळ बिंदुसरा प्रकल्प लागतो. बीडकरांची ही सर्वांत जवळची आणि सर्वांत लाडकी जागा. मातीच्या बांधाला एका अंगाने दगडी सांडवा आहे. तळे भरले की पाणी सांडव्याच्या काठावर येऊन थबकल्यासारखे दिसते. मग कुठेतरी एका जागी बोटभर धार सुटते, तिच्या शेजारी दुसरी सुटते, आणि एखाद्या चांगल्या पावसानंतर सकाळी पाहावे तर सांडव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पांढरी चादर पडलेली असते. पायऱ्या-पायऱ्यांवर आपटून ती फुटते, तुषार उडतात, आणि खालच्या दगडांच्या फटींत अडकलेली चिंगळ्या-मरळांची पिल्ले टिपायला बगळे रांग लावतात. बातमी शहरात पोचायला वेळ लागत नाही. 'बिंदुसरा भरली' हे वाक्य दुकानातून, शाळेतून, चहाच्या टपरीवरून फिरते आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात. मक्याची कणसे भाजणाऱ्या शेगड्या पेटतात. आजोबा नातवाला कोणत्या साली पाणी कुठवर आले होते ते हात करून दाखवतात. लोकप्रतिनिधी खण-नारळ वाहून जलपूजन करतात, पण त्याआधीच कितीतरी बाया ओंजळीने पाणी कपाळाला लावून गेलेल्या असतात.

या आनंदाला धाकही जोडलेला आहे. सांडव्यावरून सुटलेले पाणी बीड शहराच्या मधोमध जाते. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेला अचानक आलेल्या पुराने काठच्या वस्त्या वाहून नेल्या, ती आठवण जुन्या पेठांत अजून जिवंत आहे. त्यामुळे चादर किती जाड पडली आहे, हे इथला जाणता माणूस कौतुकाने आणि काळजीने, दोन्हींनी पाहतो.

पालीपुढे मांजरसुंब्याचा घाट चढला की माथा लागतो. घाटाजवळून आत वळणारा फाटा कपिलधारला जातो. दरीत वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा मराठी ग्रंथ लिंगायत घरांतून आजही वाचला जातो. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, महाराष्ट्रातून आणि कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात. श्रावण-भाद्रपदात गर्दी तुलनेने कमी आणि धबधबा भरात असतो. कड्यावरून सुटलेली धार मोकळी खाली येते, आणि वारा असेल तर मंदिराच्या वाटेवरच्या माणसांनाही भिजवते. कड्याच्या थरांकडे नीट पाहिले की वरचा टणक आणि खालचा खाल्लेला, असे बसाल्टचे दोन थर इथे वेगवेगळे ओळखू येतात. ओल्या भिंतीवर नेचे आणि शेवाळ चढलेले असते. एरवी रखरखीत वाटणाऱ्या डोंगरात अशी सावलीची, पाणथळ घडी सापडणे हे कपिलधारचे मोठेपण.

मांजरसुंबा हा चौक. इथून एक रस्ता सोलापूरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे आणि एक पाटोद्याकडे जातो. पाटोद्याच्या रस्त्याला लिंबागणेश लागते. भालचंद्र गणपतीचे हे जुने स्थान आहे. मंदिराजवळ पुष्करणी आहे आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला भोवतालची खेडी इथे लोटतात. पुढे नायगावचे मयूर अभयारण्य. सुमारे तीस चौरस किलोमीटरांच्या या डोंगराळ, झुडपी रानाला मोरांसाठी 1994 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिसारा फुलवून नाचणारे मोर भाद्रपदात पिसे गाळू लागतात, तेव्हा नाच पाहायचा तर ऑगस्टपूर्वीच यावे. सप्टेंबरात मात्र लांडोरी पिल्लांची रांग घेऊन पाणवठ्याकडे उतरताना दिसतात. पहाटे आणि दिवेलागणीला, गाडीचा आवाज बंद करून, वाट न सोडता थांबले तर हे दृश्य वाट्याला येते. गळालेली पिसे उचलण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ती रानातच राहू द्यावीत.

पाटोद्याहून जामखेडच्या दिशेने गेले की जिल्ह्याच्या सीमेवर सौताडा येते. बालाघाटातला हा सर्वांत देखणा तुटलेला कडा. माथ्यावरून चालताना पुढे दरी असेल अशी शंकाही येत नाही. बाजरीची शेते, बांधावरची बाभूळ, शेळ्या, असा सपाट मुलूख चाललेला असतो आणि एकदम पायाखालची जमीन संपते. विंचरणा नदी त्या काठावरून थेट खाली झेप घेते. तळाशी डोह आणि जवळच रामेश्वराचे मंदिर आहे. वरून पायऱ्या उतरत गेले की प्रत्येक वळणावर धबधब्याचा आवाज वाढत जातो, हवा थंड होते आणि झाडी दाट होते. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. शांतपणे पाहायचे तर भाद्रपदातला आडवार निवडावा. वरचे पठार पाहून मगच दरीत उतरावे. खाली उतरल्यावर कळते की एवढे पाणी इतक्या साध्या, उघड्या माळावरून गोळा झाले आहे, आणि मग तो माळही वेगळ्या डोळ्यांनी पाहिला जातो.

पाटोद्याच्या दुसऱ्या अंगाने मांजरा पूर्वेला निघते. उगमाजवळ ती साधी ओढ्याएवढी आहे, उडी मारून ओलांडण्याजोगी. केज तालुक्यात धनेगावला पोचेपर्यंत तिच्यावर मोठे धरण झालेले असते आणि पाणी केज व कळंब तालुक्यांतल्या गावांच्या शिवारांपर्यंत मागे पसरलेले असते. या फुगवट्याच्या काठाने संध्याकाळी फिरणे हा या प्रवासातला सर्वांत निवांत भाग. भोई बांधव तराफ्यांवरून जाळी टाकत असतात. काठच्या गावांत राहू, कटला, मृगल यांची खरेदी-विक्री चालते. लातूर शहर, अंबाजोगाई, केज आणि काठची गावे याच पाण्यावर जगतात. 2016 च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' नावाची ती गाडी एप्रिलमध्ये पहिल्यांदा लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. भरलेल्या धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून हा आकडा मनात आणावा. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. तेवढे पाणी वाहून आणायला अशा दोन हजार खेपा लागल्या असत्या. समोर पसरलेला साठा किती मोलाचा आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

केजच्या उत्तरेला धारूर. डोंगराच्या टोकावरचा किल्ला 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला. तीन बाजूंना दरी आणि जमिनीच्या बाजूला खंदक, अशी त्याची रचना आहे. पावसानंतर दरी हिरवी होते, खंदकात पाणी साठते आणि तटावरून खालच्या ओढ्यांच्या चकाकत्या रेघा दिसतात. धारूरहून घाट उतरला की माजलगावच्या सपाटीवर सिंदफणेचे धरण आहे. त्याला डोंगराचा परिसर नाही, पण पाण्याचा विस्तार जिल्ह्यात सर्वांत मोठा. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण असून पैठणहून 132 किलोमीटर आलेला उजवा कालवा यात पाणी आणून सोडतो. डोंगरातल्या छोट्या तळ्यांच्या तुलनेत ते समुद्रासारखे वाटते.

पूर्वेला अंबाजोगाईचा परिसर दोन दिवस खर्च करावेत असा. योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखान्याची लेणी आणि दासोपंतांची समाधी गावात किंवा गावालगत आहेत. मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. पावसाळ्यात दरीतला ओढा वाहतो, कड्यावरून पाणी उतरते आणि समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर गर्द सावली असते. बुट्टेनाथाची दरीही अशीच, वाट थोडी अवघड पण एकांताची. परळीच्या रस्त्याला वाण नदीवर नागापूरचे धरण आहे. परळी शहराचे पिण्याचे पाणी इथून जाते. श्रावणात वैजनाथाच्या दर्शनाला आलेले लोक परतीला या धरणाच्या भिंतीवर हमखास थांबतात, आणि देवदर्शनाइतक्याच श्रद्धेने पाण्याची पातळी विचारतात.

या दिवसांत रानाचे रूप रोज बदलते. पायवाटेच्या कडेला टाकळ्याची आणि तरवडाची पिवळी फुले, शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, झुडपांवर चढलेली कळलावी. बाजरी कणसावर आलेली, उडीद-मुगाची तोडणी चाललेली, सोयाबीन पिवळे पडू लागलेले, भुईमुगाच्या ओल्या शेंगा विकायला आलेल्या. तळ्याच्या उथळ कडेला टिबुकल्या बुड्या मारतात, हळदी-कुंकू बदके जोडीने फिरतात, पाणकावळे वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून बसतात. पाण्यावर संध्याकाळी चतुरांचे थवे जमतात. त्यांच्यातली पिवळसर रंगाची एक जात परतीच्या वाऱ्यांबरोबर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असे अभ्यासकांनी मांडले आहे. पावसाने तुडुंब भरलेल्या अशाच तळ्या-डबक्यांत त्यांच्या अळ्या वाढतात.

सीताफळ हे बालाघाटाचे स्वतःचे फळ. खडकाळ उतारांवर, कोणी न लावता, ते रानोमाळ वाढते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाद्रपदाच्या शेवटी डोळे उघडलेली पहिली फळे मांजरसुंबा आणि धारूरच्या रस्त्यांवर पाट्यांतून येतात. भर असतो दसरा-दिवाळीत. डोंगरातून फळे उतरवून आणणाऱ्या बायांकडूनच ती घ्यावीत, घासाघीस करू नये. शिदोरी मात्र घरची असावी. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा एवढे फडक्यात बांधले की दिवस निघतो. धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, म्हणून मराठवाड्यात प्रवासाला तेच नेतात.

सणांची साखळी आणि तळी यांचा संबंध घट्ट आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गावोगावचे बैल पाण्यावर आणले जातात. धनी ढोपरभर पाण्यात उभा राहून बैलाच्या पाठीवर ओंजळीने पाणी मारतो, नारळाच्या शेंडीने अंग घासतो, शिंगांच्या मुळाशी बसलेला चिखल बोटाने काढतो. बैल मान खाली घालून मुकाट उभा असतो, मधूनच शेपटीने मालकाला भिजवतो. संध्याकाळी खांदमळणी होते; जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. जनावरे कमी झाली, ट्रॅक्टर आले, तरी तळ्याकाठचा हा दिवस टिकून आहे. पाठोपाठ गणपती येतात आणि महालक्ष्म्या बसतात. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, आणि त्यांना घेऊन एखाद्या दिवशी धरणावर जाणे ठरलेले असते.

बीडमध्ये या भेटींना आणखी एक अर्थ आहे. ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी त्याची ओळख आहे. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वाड्या निम्म्या रिकाम्या होतात, मागे म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. त्यामुळे भाद्रपद-आश्विनाचे हे आठवडे पुष्कळ घरांना सगळे एकत्र असण्याचे शेवटचे आठवडे असतात. तळ्याच्या भिंतीवर रांगेत बसून शेंगा खाणारे कुटुंब पाहिले, तर त्यातले कर्ते पंधरा दिवसांनी सांगली-कोल्हापूरच्या फडात असतील, हे ध्यानात असू द्यावे. धरण भरण्याचा आनंद त्यांच्यासाठी व्यवहाराचाही असतो. पाणी टिकले, रब्बी साधली, तर एखाद्या वर्षी कोयता घरात टांगून ठेवता येतो.

या ठिकाणी जाताना काही नियम पाळलेच पाहिजेत. सांडव्याचा दगड शेवाळाने निसरडा होतो, आणि पायाच्या घोट्याएवढे वाहते पाणीही माणसाला पाडते. वाहत्या सांडव्यावर फोटोसाठी चढू नये. तळे वरून शांत दिसते, पण खाली गाळ असतो आणि बांधाजवळ खोली एकदम वाढते. पोहता येणाऱ्यानेही अनोळखी तळ्यात उतरू नये. मोठ्या धरणांखाली दरवाजे उघडताना भोंगा देतात. तो ऐकू आला की नदीचे पात्र लगेच सोडावे. कपिलधार-सौताड्यासारख्या कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात, म्हणून दरीत धूर करू नये, फटाके वाजवू नयेत. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत बीडसह मराठवाड्यातल्या नद्यांनी शेतातली मातीदेखील खरवडून नेली. लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी सहल पुढे ढकलणेच योग्य, कारण डोंगरात झालेला पाऊस खालच्या ओढ्यात काही मिनिटांत पोचतो. आणि यातली बहुतेक तळी पिण्याच्या पाण्याची आहेत. त्यात गाडी धुणे, पत्रावळी टाकणे, प्लास्टिकच्या बाटल्या सोडणे म्हणजे कोणाच्या तरी घरच्या माठात घाण टाकणे आहे.

एकच दिवस हाताशी असेल तर बीड, खजाना विहीर, पाली आणि कपिलधार एवढे पुरे. दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी लिंबागणेश व नायगाव करून सौताड्याला उतरावे आणि दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्यावरून केज, धनेगाव गाठावे. तिसरा-चौथा दिवस धारूर आणि अंबाजोगाईसाठी. डोंगरातल्या लहान वाटांवर एसटी क्वचितच असते, म्हणून स्वतःचे वाहन सोयीचे, आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावेत.

हस्त नक्षत्र सरले की धबधबे बारीक होतात, गवत पिवळे पडते आणि सहलींचा मोसम संपतो. 15 ऑक्टोबरला धरणांत जेवढा साठा असेल तो धरून पुढच्या वर्षाचे नियोजन होते. आधी पिण्याचे पाणी राखून ठेवतात आणि उरलेल्यातून रब्बीची आवर्तने ठरतात. भाद्रपदात ज्या पाण्याच्या काठी शेंगा खाल्ल्या, तेच पाणी पुढे ज्वारीच्या रानात, गावच्या नळाला आणि पार लातूरच्या टाक्यांत जाते. ते जुलैपर्यंत पुरले तर बालाघाटात वर्ष बरे गेले असे म्हणतात.